बाणकोटऐवजी ओसाका

यंदाच्या सुट्टीत आम्ही गावी, बाणकोटला न जाता ओसाकाला जाणार आणि तिथली म्युझियमं बघणार, एवढं एक साधं वाक्य मी जुम्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर चपला शोधता शोधता बोलून गेलो. चपला जरा लवकर सापडल्या असत्या तर फार बरं झालं असतं, असं नंतर कितीदा वाटलं. त्या एका वाक्याने माझी अब्रू घालवली, नोकरी घालवली आणि वर एक नवाकोरा डीप फ्रीझर माझ्या गळ्यात मारला.

ज्याच्यासमोर बोललो तो बदरुद्दीन. आमच्याच कंपनीत, माझ्याच सेक्शनमध्ये बिलांच्या टेबलावर बसतो, रियाधच्या मलाज भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये बरोबर आमच्या डोक्यावर राहतो, आणि त्याची तीन पोरं संध्याकाळी काय खेळतात हे आम्हाला छताकडे न बघता कळतं. गाव मंडणगडकडचं. माणूस वाईट नाही. पण त्याला दुपारी सांगितलेली गोष्ट रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या मलाजला कळलेली असते, आणि त्यात आपण काही केलं असं त्याला स्वतःला वाटतसुद्धा नाही.

“ओसाका म्हणजे जपानात ना?” तो म्हणाला. “कंपनी पाठवते?”

“नाही. आमचे आम्हीच.”

“कोण आहे तिथे तुमचं?”

“कोणी नाही. चित्रं बघायची आहेत.”

बदरुद्दीनने माझ्या कपाळाकडे बघितलं. हात लावून ताप बघावा की नको, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आता हे चित्रांचं खूळ माझं नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी एअर कॉम्प्रेसर विकणाऱ्या कंपनीचा स्टोअर्स-इनचार्ज. माझा आणि चित्रांचा संबंध इकाम्यावरच्या, म्हणजे इथल्या रहिवासी कार्डावरच्या फोटोपुरता, आणि तोही वाईट आलाय. चित्रं माझ्या बायकोची. मैमुना इथल्या एका इंडियन शाळेत मुलींना ड्रॉइंग शिकवते. माहेरी असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांत अ श्रेणी, मग आर्ट टीचर डिप्लोमा, मग मी. पहिल्या तिन्ही गोष्टी ती अजून अभिमानाने सांगते.

आमची कंपनी ज्या जपानी कारखान्याचा माल आणते, तो कारखाना ओसाकाचा. दर वर्षी तिथून एक कॅलेंडर येतं आणि त्यावर तिथल्या म्युझियममधली चित्रं असतात. बाकीच्यांच्या घरी महिना संपला की पान फाडतात. आमच्या घरी ते पट्टी लावून कापतात, काचेत बसवतात आणि भिंतीवर टांगतात. हॉल भरला, बेडरूम भरली, शेवटी एक रेड्याचं चित्र बाथरूमच्या दारावर आलं. पाहुणे विचारतात, एवढी चित्रं कुठून आणली? मी म्हणतो, कॉम्प्रेसरबरोबर फुकट येतात. मैमुनाला ते आवडत नाही.

तर एकदा ती म्हणाली, “इफरा बारावी झाली की पुण्याला जाणार. मग आपण दोघंच. त्याआधी मला एकदा खरं चित्र बघायचंय. छापलेलं नाही. माणसाने हाताने रंगवलेलं, त्याच्यासमोर उभं राहून बघायचंय. जन्मभर मी मुलींना चित्रं शिकवते आणि एकसुद्धा खरं बघितलेलं नाही हो.”

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे सोनं मागितलं नाही की मोठं घर मागितलं नाही. मी हो म्हणालो. इफरा मोबाइलमधून डोकं वर काढून “अब्बा, आर यू सीरियस?” म्हणाली. त्या घरात मला एवढ्या आदराने कोणी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांना सुरुवात झाली. बदरुद्दीनचं म्हणणं, जपानात हलाल मिळत नाही, तिथे माणसाने खायचं काय? एवढ्या पैशांत मक्केला कितीतरी उमरे होतील, सवाब, म्हणजे पुण्य तरी मिळेल. तळमजल्यावरचे श्रीकांत, मिरजेचे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतात; त्यांनी उभ्या आयुष्यात जपान बघितलेलं नाही, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. कुठल्या बाजूची सीट घ्यायची इथपासून भूकंप झाला तर टेबलाखाली कोणता पाय आधी घालायचा इथपर्यंत सगळं त्यांनी मला जिन्यात उभं करून समजावलं. त्यांच्या शोभनावहिनी म्हणाल्या, “अहो, चित्रंच ना? मोबाइलवर सगळी दिसतात. मोठीसुद्धा करता येतात.”

त्यात माझ्या तोंडून निघून गेलं, की तिथलं एक मोठं म्युझियम जमिनीच्या खाली आहे. वर नुसता लोखंडी सांगाडा, आणि चित्रं सगळी खाली तळघरात.

“जमिनीखाली आपल्या सगळ्यांनाच जायचंय, खुर्शीदभाई,” बदरुद्दीन म्हणाला. “त्याला तिकीट कशाला काढता?”

मी त्याला वरची पोरं जरा आवरायला सांगितलं आणि घरात आलो.

पण सल्ल्यांचं मला काही वाटलं नाही. खरा घोळ पार्सलांवरून झाला. आमच्या लोकांत सुट्टी म्हणजे पार्सल. तुम्ही गावाला निघालात ही बातमी फुटली की ओळखीचे, अर्धवट ओळखीचे आणि मशिदीत नुसते शेजारी उभे राहणारे, सगळे पिशव्या घेऊन दारात येतात. कुणाच्या आईला बदाम, कुणाच्या सासूला गुडघ्याचं मलम, कुणाच्या भाचीला लग्नाचं ब्लँकेट. येताना तेच उलट, सुका जवळा आणि कोकमं. पार्सलात माणसाची किंमत कळते. ज्याच्याकडे कोणी पार्सल देत नाही तो एकतर चोर असतो किंवा परत येणारा नसतो.

ओसाकाला कोण कुणाला पार्सल देणार? कोणी आलंच नाही. आणि आमच्याकडे कोणी पार्सल घेऊन आलं नाही हे सगळ्यांनी बघितलं. मुलगी पुण्याला चालली, फॅमिलीवरची फी सरकार दर वर्षी वाढवतंय, आजूबाजूची घरं एकेक रिकामी होताहेत, आणि हा खुर्शीद मुकादम सुट्टीत गावाला जात नाही. लोकांनी दोन आणि दोन मिळवले.

मला याचा पत्ता नव्हता, कारण मी तेव्हा जपानच्या व्हिसामागे होतो. वकिलात डिप्लोमॅटिक क्वार्टरमध्ये. तिथवर पोचायचं म्हणजे मेट्रोसाठी खणलेले सगळे रस्ते चुकवत जायचं. रियाधमध्ये तेव्हा मेट्रो नव्हती, नुसते तिचे खड्डे होते. आम्ही तिघं नटूनथटून गेलो. मी टाय लावला होता. काचेमागच्या जपानी बाईंनी फार अदबीने आमचे कागद घेतले, कंपनीचं पत्र वाचलं, इकामा बघितला, पुन्हा पत्र वाचलं.

“मिस्टर मुकादम, आपण स्टोअर्स-इनचार्ज आहात?”

“येस.”

“इथे पोल्ट्री टेक्निशियन लिहिलं आहे.”

मी आलो त्या वर्षी कंपनीकडे जो व्हिसा शिल्लक होता तो माझ्या नावावर चिकटवला गेला. तेव्हापासून सौदी सरकारच्या दरबारी मी कोंबड्यांचा तंत्रज्ञ आहे. आयुष्यात मी कोंबडी फक्त ताटात बघितली आहे. पण हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हणालो, “कागदावर कोंबड्या, मॅडम. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर.” मागच्या रांगेतला एक लेबनानी हसला. इफरा माझ्यापासून चार पावलं लांब सरकून उभी राहिली.

मग बाईंनी आमच्या मुक्कामाचा दिवसवार कार्यक्रम उघडला. तो मी स्वतः केला होता. म्युझियम म्हणजे सरकारी कारभार, रविवारी सुट्टी असणार आणि सोमवारी ताजेतवाने होऊन उघडणार, अशा हिशोबाने सगळी म्युझियमं मी सोमवारी घातली होती. बाकीचे दिवस विश्रांती. बाई म्हणाल्या, “सर, सोमवारी सगळी बंद असतात.”

माझ्या टायला घाम आला. तेवढ्यात मैमुना पुढे झाली आणि काचेला नाक लावून बोलू लागली. कुठल्या चित्रकाराचं कुठलं चित्र, कुठल्या वर्षीच्या कॅलेंडरवर होतं, त्यातल्या दाराचा हिरवा तिला किती वेळा मिसळून जमला नाही, सगळं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट आहे. पण त्या बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि आमचा कार्यक्रम स्वतः दुरुस्त करून दिला. व्हिसा मिळाला, बायकोमुळे मिळाला, आणि घरी येताना सगळे खड्डे तिने मला दाखवत आणले.

त्या आठवड्यात शोभनावहिनी साखर मागायला आल्या आणि आमच्या पडद्यांना हात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “कापड छान आहे हो. कुणाला बोललाय का?” मला वाटलं कौतुक. मग बदरुद्दीनची बायको आली आणि वॉशिंग मशीनचं झाकण उघडून आत वाकून बघून गेली. मग एका संध्याकाळी दोन अनोळखी मल्याळी गृहस्थ आले, सलाम केला, खिशातून टेप काढला आणि आमच्या सोफ्याची लांबी मोजली. मी म्हणालो, काय चाललंय? ते म्हणाले, “सॉरी भाई, अभी बैठे हो तो बाद में आते हैं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फॅमिली फायनल एक्झिटवर, म्हणजे सौदी कायमचं सोडून निघाली की तिचं सामान बिल्डिंगमध्ये विकलं जातं, आणि चांगल्या वस्तू आधीच बोलून ठेवतात. आमच्या घराचं वाटप झालं होतं. पडदे तळमजल्याला, मशीन वरच्या मजल्याला, सोफा केरळला. मी अजून त्या सोफ्यावर बसत होतो हा त्यांचा मोठेपणा.

आणि गंमत अशी, की तोंडावर मला कोणीच काही विचारलं नाही. फायनल एक्झिटबद्दल आमच्यात तोंडावर विचारत नाहीत. ज्याच्या घरात काही वाईट झालंय त्याला जसं आपण फक्त “बाकी ठीक ना?” विचारतो, तसं लोक मला विचारू लागले. मशिदीत लोक माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायचे. मी एकेकाला सांगत सुटलो, अरे बाबा मी कुठेही जात नाही, नुसता ओसाकाला जाऊन येतो. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, “हिंमत ठेवा.”

माणसाच्या सहनशीलतेला काही मर्यादा? मी ठरवलं, आता या लोकांना बोलून नव्हे, करून दाखवायचं. जो माणूस कायमचा चाललाय तो नवीन वस्तू घेईल काय? नाही घेणार. म्हणून मी डीप फ्रीझर घेतला. साधा नाही, आडवा, पेटीसारखा, अख्खा बोकड मावेल असा. आणि मुद्दाम शुक्रवारी, सगळे घरी असताना, मागवला.

तो जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकला. दोन हमाल खाली, एक वर, मधे फ्रीझर, आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळी बिल्डिंग कठड्याला. श्रीकांत वाकून सूचना देत होते. मला फार बरं वाटलं. बघा म्हटलं, डोळे भरून बघा. हा मुकादम इथेच राहणार आहे आणि या फ्रीझरात पुढच्या बकरीदचं मटण ठेवणार आहे. शेवटी कठडा काढून तो वर आला. कठडा परत कोणी बसवला नाही. तो भुर्दंड मलाच.

संध्याकाळी बदरुद्दीन पेढे घेऊन आला. फ्रीझरभोवती एक चक्कर मारली, बोटाने वाजवून बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“चांगलं केलंत. गावाला असला मिळत नाही. कार्गो कुणाचा करताय?”

मी खाली बसलो. विसरलोच होतो. कायमचा निघालेला माणूस शेवटच्या महिन्यातच तर नवीन वस्तू घेतो, कंटेनरमध्ये घालून गावाला न्यायला! आमच्या वाडीतल्या प्रत्येक घरात असा एकतरी फ्रीझर आहे, मीच कितींचे कंटेनर भरायला मदत केली आहे. ज्यांना थोडाफार संशय होता तोही मी स्वतःच्या पैशाने मिटवला होता.

इथवर मला हसू येत होतं. पुढचं सांगताना येत नाही.

आमच्या ऑफिसात तेव्हा सौदायझेशनचं वारं जोरात होतं. कंपनीत सौदी माणसं किती, त्यावरून कंपनीला रंग मिळतो. हिरवा असला की सगळं सुरळीत. पिवळा झाला की इकामे अडकतात. लाल म्हणजे खलास. आमची कंपनी पिवळ्यात गेली होती. रोज सकाळी चहाबरोबर रंगाची चर्चा चालायची. कादिर, श्रीवर्धनचा, एचआरमध्ये बसणारा आमचा एकुलता एक माणूस, त्याचं वजन त्या काळात फार उतरलं.

एके दिवशी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

“खुर्शीदभाई, तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही.”

“काय केलं मी?”

“वरून सांगितलं होतं, तुमच्या सेक्शनमधून एक नाव द्या, तिथे सौदी घ्यायचा. बदरुद्दीनचं नाव येत होतं. तीन पोरं हो त्याची, धाकटं अजून मांडीवर. माझा हात चालेना. आणि मग कळलं तुम्ही जाताच आहात. मनावरचं ओझं उतरलं. तुमचं नाव दिलं.”

मी खुर्ची पुढे ओढली.

“कोण म्हणालं मी जातोय?”

“सगळेच म्हणतात. गावाला जात नाही, पार्सल घेत नाही, फ्रीझर घेतलात...”

“अरे मी ओसाकाला चाललोय, कादिर! चित्रं बघायला!”

“हो ना, तेच. जाता जाता भाभींना फिरवून आणताय. बरोबर आहे तुमचं.”

मग माझा चेहरा बघून त्याचा चेहरा पडला. तो हळूच खुर्चीत बसला.

“मला विचारायचंस तरी एकदा,” मी म्हणालो.

“विचारलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं,” कादिर म्हणाला.

यावर ओरडायला हवं होतं. पण मी त्याच्या जागी असतो तर मीही विचारलं नसतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. मग तो म्हणाला, “आज संध्याकाळपर्यंत यादी माझ्याकडे आहे. बदलता येईल. पण मग दुसरं नाव लिहावं लागेल.” दुसरं कुठलं, ते त्याने सांगितलं नाही.

माझ्यात मोठेपणा नाही. हे नम्रतेने बोलत नाही, मैमुनाला विचारा. मी कादिरला “जेवून येतो, मग बोलू” म्हणालो, आणि येऊन काय बोलायचं ते माझं पक्कं ठरलं होतं. माझी मुलगी कॉलेजला चाललीय, माझं वय झालंय, या वयात मला गावाला कोण उभं करणार, सगळं जुळवून ठेवलं होतं. नेमका त्या दिवशी बदरुद्दीन डबा घेऊन माझ्या टेबलावर आला. त्याच्या बायकोने तांदळाच्या भाकरी आणि कोलंबी दिली होती. म्हणाला, “आता किती दिवस एकत्र जेवणार आपण, खुर्शीदभाई?” आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. मी भाकरी खाल्ली. अजून एक घ्या म्हणाला, ती खाल्ली. कादिरकडे जायला उठलो. म्हटलं चहा घेऊन जाऊ. चहा घेतला. संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी कंपनी हिरवी झाली. मोठ्या साहेबांनी मला मिठी मारली आणि केक कापायला लावला. त्यावर माझं नाव बरोबर लिहिलं होतं, एवढं एक काम त्या कंपनीत नीट झालं. माझ्या जागी येणाऱ्या माजिदला निघायच्या आधी सगळं स्टोअर्स शिकवायचं, म्हणून नोटिसच्या काळात मला रजा नाही, असं केक खाता खाता सांगण्यात आलं.

घरी सांगितलं तेव्हा मैमुना पीठ मळत होती. इफरा रडली, मुंबईच्या विमानात बसायला ती तयार होती, पण मागे घर नसणार हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मैमुनाचं पीठ मळून झालं होतं तरी ती मळत राहिली.

“आता कसलं ओसाका,” मी म्हणालो. “तिकिटं परत करतो.”

“तुमचं करा.”

“म्हणजे?”

“माझं आणि इफराचं राहू दे. माझ्या शाळेच्या पैशाने जाते.” तिने हात धुतले, पदराला पुसले. “बाणकोटला गेल्यावर मला कोण सोडणार आहे? तिथे तुमच्या आक्काचं ऑपरेशन आहे, घराचं छप्पर आहे, येणारेजाणारे आहेत. तुम्हीसुद्धा सोडणार नाही तेव्हा. बघायचं तर आत्ताच, नाहीतर मेल्यावर.”

मला राग आला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. इथे माझी नोकरी गेली, अब्रू गेली, आणि ही चित्रं बघायला चालली! बिल्डिंगने तर तोंडात बोटं घातली. नवरा घरात बसलाय आणि बायको मुलीला घेऊन जपानला? शोभनावहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “भांडण वगैरे नाही ना?” मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, “मग पडद्यांचं काय ते ठरवू.”

मैमुना आणि इफराला विमानतळावर सोडायला बदरुद्दीनने स्वतःची गाडी काढली. कादिरने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण रस्ताभर तो माझ्याकडे बघत नव्हता. दारात बॅगा उतरवताना त्याने सीटखालून एक पिशवी काढली आणि मैमुनाच्या हातात दिली. आत कोलंबीचं लोणचं होतं, भाकऱ्या होत्या, आणि बाटलीत घरचं तूप होतं.

“तिथे हलाल मिळत नाही, भाभी,” तो म्हणाला. “कुणाला द्यायचं नाही. तुम्हीच खा.”

त्या सबंध प्रकरणात आम्हाला मिळालेलं ते एकच पार्सल. परत येऊन गाडी लावल्यावर तो म्हणाला, “खुर्शीदभाई, तुम्ही मला सांगायला हवं होतं.” मी म्हणालो, “तू भाकरी फार चांगली आणली होतीस.”

ते दिवस वाईट गेले. घरातलं सामान एकेक जात होतं. फ्रीझर मल्याळ्यांनीच नेला, निम्म्याहून कमी किमतीत, आणि तो उतरवताना मात्र कुठेच अडकला नाही. रिकाम्या हॉलमध्ये मी खोकलो की आवाज परत यायचा. दिवसा स्टोअर्समध्ये माजिद. सुशिक्षित पोरगा, मला ‘अम्मू’ म्हणायचा, म्हणजे काका. त्याचा राग करायचा मी खूप प्रयत्न केला. पण तो रोज माझ्यासाठी खजूर आणायचा, आणि चुकला की कान धरायचा. हे कान धरणं त्याला कुणी शिकवलं देव जाणे. कुठल्या रॅकवर कुठली वॉशर, कुठला पार्ट ओसाकाहून यायला किती वेळ लागतो, हे सगळं मी त्याला सांगत होतो, आणि सांगताना मला कळत होतं की हे मला कायम पाठ राहणार आहे आणि कुठेही उपयोगी पडणार नाही.

अशाच एका सकाळी मी शिडीवर होतो, माजिद खाली, आणि फोन वाजला. मैमुना. तिकडे संध्याकाळ होती.

“गेलीस का म्युझियममध्ये?”

“जाऊन आले. आत्ताच बाहेर आले. इफरा पाणी आणायला गेलीय.”

“मग? बघितलंस?”

मला वाटलं लाइन गेली. मग तिचा श्वास ऐकू आला.

“काय झालं? बरं नाही का?”

“अहो, रंग वर आलेला असतो,” ती म्हणाली.

“वर म्हणजे?”

“म्हणजे चपटा नसतो हो. थापलेला असतो, जाड. ब्रशचा एकेक केस उमटलेला दिसतो. त्याने हात कुठे जोरात दाबला, कुठे उचलला, सगळं दिसतं. जवळ गेलं की नुसते फराटे, आणि मागे आलं की दार.”

“चांगलंच आहे की मग. एवढ्यासाठीच गेलीस ना?”

“चांगलं काय?” तिचा आवाज फाटला. “छापलेल्यात ते सगळं गुळगुळीत होऊन येतं. मला वाटायचं चित्र म्हणजे असंच. मी मुलींना सांगायचे, रंग सपाट बसला पाहिजे, फराटा दिसता कामा नये. दिसला की मार्क कापायचे. एवढी वर्षं कापले हो. सातवीत एक मुलगी होती, अशीच थापायची, तिला दुसरं काही यायचंच नाही. तिचा कागद मी सगळ्या वर्गाला दाखवला होता. असं करायचं नाही म्हणून.”

खाली माजिद हातात वॉशर घेऊन माझ्याकडे बघत होता. मी त्याला थांब म्हणून खूण केली. असल्या वेळी मी नेहमी जेवलीस का विचारतो, ते ओठावर आलं होतं.

“आल्यावर सांग ना मुलींना,” मी म्हणालो. “एकदा वर्गात जाऊन सांग, झालं.”

“कुठल्या वर्गात?” ती म्हणाली. “राजीनामा दिलाय ना मी. आता कुणाला सांगू?”

तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. कादिरच्या केबिनमध्ये वाटलं नव्हतं एवढं वाईट वाटलं. त्या यादीत एकच नाव लिहिलं होतं, पण त्या कागदाने दोन माणसं कामावरून गेली, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी शिडीच्या पायरीवर बसलो.

“मला सांग,” मी म्हणालो.

“तुम्हाला काय कळणार त्यातलं?”

“नाही कळणार. तू सांग.”

आधी ती नुसती नाक ओढत राहिली. मग सांगायला लागली. डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, भिंतीचा करडा कसा आहे, त्याच्याखालून तांबडा कसा दिसतो, दाराचा हिरवा आपल्याला का जमत नव्हता. मला अर्धंअधिक समजलं नाही. माजिदने तेवढ्यात दोनदा घड्याळ बघितलं आणि मग तोही खोक्यावर बसला. मी हूं हूं करत राहिलो, आणि तिचं सांगून होईपर्यंत फोन ठेवला नाही.